ब्याऐंशी किलोमीटर, वीस मिनिटं

अमरावतीहून अकोल्याला वेळेवर कसं पोचावं, हे मला कुणी शिकवू नये. तीस वर्षं राजापेठेत राहतो, बहीण अकोल्यात दिलेली, रस्त्यातला खड्डा न् खड्डा तोंडपाठ. तरी एकुलत्या एका भाचीच्या, प्रणालीच्या लग्नाआधी मी मोबाइलवर विमानाचं अंतर शोधलं आणि बहिणीला फोन लावला.

"शकुन, हवेतून फक्त ब्याऐंशी किलोमीटर. इमानाले वीस मिनिटं."

"म्हणजे तू इमानानं येऊन राहिला?"

इथे 'नाही' एवढं पुरे होतं. पण मागून तिचे यजमान, किसनराव, विचारत होते, "सहदेवभाऊ इमानानं?" त्या आवाजात इतका आदर होता की मी म्हणालो, "पाहू."

(चूक इथेच झाली. पुढे नुसतं अंतर आहे.)

रस्त्याने: शंभर किलोमीटर. एसटी. अडीच तास.

दहाला मंगल कार्यालयात पोचलो. मुहूर्त अकरा पाचचा. नवरीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा, म्हणून पिशवीत नवाकोरा गुलाबी फेटा. दारात शकुन.

"दादा, तू इथं? अन् हे कुठं हायेत?"

"कोण?"

"प्रणालीचे बाबा. तुले आणाले शिवणीच्या इमानतळावर गेले ना, हार घेऊन. बँडवालेही नेले."

"अवं, शिवणीले प्रवाशायचं इमान येतच नाही."

"तूच तं म्हणाला."

किसनराव फोन उचलेनात. बँडपुढे कुणाला रिंग ऐकू येते? पिशवी शकुनच्या हातात दिली, "आत्ता आणतो त्याइले," म्हणालो आणि ऑटोत बसलो.

कार्यालय ते धावपट्टी: ऑटोने वीस मिनिटं. घ्या, जुळलं.

फाटक बंद. चौकीदाराच्या गळ्यात झेंडूचा हार.

"आत्ताच गेले ते," तो म्हणाला. "म्या सांगतलं, इथं इमान येत नाही. तरी अर्धा तास आभायाकडं पाहून राहिले होते. जाताना हार मलेच घातला."

परत येताना एक ट्रक रस्त्यात आडवा. पाऊण तास.

पोचलो तर लोक पंगतीला बसलेले. गुरुजींनी माइकवरून तीनदा मामाला बोलावलं म्हणे. मुहूर्त टळायला आला, तेव्हा मंडपवाले देवराव पुढे झाले.

"या सहदेवभाऊ," किसनराव पानावरूनच म्हणाले. "उतरलं काय इमान?"

शकुनने माझ्या पानात मठ्ठा वाढला, तोही वाटी न ठेवता.

प्रणाली एवढंच म्हणाली, "मामा, मी दाराकडंच पाहत होती."

खोलीच्या दारापासून बोहल्यापर्यंत: पंधरा पावलं. एक मिनिट.

महिन्याने अल्बम आला. त्या पंधरा पावलांचा फोटो पानभर आहे, खाली सोनेरी अक्षरांत 'वधूचे मामा'. फेटा माझाच आहे. त्याच्या खाली देवराव आहेत, आणि खरं सांगायचं तर त्यांना तो शोभतोय.