गादीवरचे जोडे

हसनाबादच्या अलीकडे आमचं गाव आहे. निजाम सरकारच्या अमलात तिथला कारभार पाटील काकासाहेब यांच्याकडे होता. कारभार म्हणजे चावडीच्या गादीवर बसून राहणे, अशी त्यांची समजूत होती. अडचण एवढीच, की बसण्याचाही त्यांना कंटाळा येई.

एकदा ते जांब समर्थला दर्शनाला गेले आणि एका शास्त्रीबुवांचं प्रवचन ऐकून आले. विषय होता, ‘प्राचीन ग्रंथांतील राज्यकारभाराची तत्त्वे’. रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून भरतानं चौदा वर्षं राज्य चालवलं, हा भाग काकासाहेबांना फारच पटला. भरतानं घेतलेले कष्ट मात्र त्यांच्या ध्यानात राहिले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपले जुने जोडे गादीवर ठेवले, कारकून रामकिसनला भरत नेमलं आणि नवे जोडे घालून जालन्याला सासुरवाडीस प्रयाण केलं.

खरं सांगायचं तर गाव खूश झालं. जोडे कुणावर खेकसत नव्हते, कुणाच्या घरचं तूप मागत नव्हते. लोक येत, वाकून नमस्कार करत आणि समाधानानं परत जात.

अशात चतुराबाईची म्हैस पाटलांचा कडबा खाताना सापडली आणि कोंडवाड्यात गेली. घरी नुकतंच झालेलं पारडू दुधावाचून हंबरत होतं. चतुराबाई धावत चावडीवर आली.

“रामकिसनभाऊ, पारडू उपाशी हाय. म्हैस सोडायचा हुकूम द्या.”

“मी कोन हुकूम देनार, काकू? मी नुसता भरत. गादीला विचारा.”

तिनं जोड्यांना विचारलं. जोडे गप्प.

“इचार करून राह्यलेत,” रामकिसन हलक्या आवाजात म्हणाला. “जल्दी करू नका.”

मग त्याला एक कायदेशीर पेच सुचला. कडबा गादीचाच, म्हणजे फिर्यादी आणि न्यायाधीश एकच. तेव्हा उजवा जोडा फिर्यादी आणि डावा न्यायाधीश, अशी विभागणी करण्यात आली. त्यावर म्हातारे रखमाजी उठले. उजव्याचा मान मोठा असताना त्यानं डाव्यापुढं उभं राहावं, हा अधर्म असल्याचं त्यांनी ठणकावलं. गावात दोन तट पडले. तिकडे पारडाचा गळा बसला.

शेवटी चतुराबाईनं जालन्याला निरोप धाडला. काकासाहेब दुसऱ्या दिवशी सकाळी चरफडत आले आणि म्हणाले, “सोडून द्या तिची म्हैस!”

रामकिसननं हात जोडले. “धनी, चौदा वर्सं झाली न्हाईत अजून. तुम्ही वनवासात हाय. हुकूम गादीवरूनच निघंल.”

“आरं, ते माझेच जोडे हायेत!”

“म्हनून तर तुमच्यापरीस त्यांचा मान मोठा.”

काकासाहेब गादीवर बसायला निघाले, तसा गावानं एकच गलका केला. पादुका सारून बसणार? केवढं पाप! काकासाहेब घाबरले. त्यांनी स्वतःच्याच जोड्यांना वाकून नमस्कार केला आणि हुकमाची वाट पाहणाऱ्यांच्या रांगेत शेवटी जाऊन बसले.

चतुराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ती सरळ पुढं आली, गादीवरचा डावा जोडा उचलला आणि कोंडवाड्याकडं चालू लागली. राखणदार ख्वाजामियाँनं तिच्या हातातला जोडा पाहिला, तिचा चेहरा पाहिला आणि फाटक सताड उघडलं.

“ले जाव, भाभी. हुकूम बिलकुल बराबर है.”

पारडू पोटभर प्यालं. डावा जोडा चतुराबाईनं परत केला नाही. गोठ्यात खुंटीला टांगला. गादीवर एकटा उजवा राहिला आणि गाव त्यालाही तितक्याच भक्तीनं वाकत राहिलं.

तुम्ही हसताय. हसा. पण मागं एखाद्या कचेरीत तुम्ही कमरेत वाकलात, तेव्हा खुर्चीत माणूस होता की नुसते जोडे, हे पाहिलं होतं का? आणि पाहिलं असेल, तर घरचं पारडू हंबरत असताना तुम्ही रांगेत कशाला बसून राहिलात?