रूफसची चार वर्षं

"आज मी असा करार करणार आहे, की लीगमधले सगळे मॅनेजर नखं खात बसतील!" सँडविचमधली काकडी बाजूला काढत लेन ग्राबोस्की म्हणाला. टोलेडो हेरन्स या बास्केटबॉल संघाचा तो सतरा वर्षं जनरल मॅनेजर होता, आणि काकडीखेरीज कुणालाच त्याने कधी नाही म्हटलं नव्हतं.

समोर त्याची मुलगी डोरीन बसली होती. संघाच्या करारांचं कामकाज ती पाहायची.

"कुणाशी?" तिने विचारलं.

"रूफस टॅलबर्टशी! आणखी चार वर्षं, बारा कोटी डॉलर!"

डोरीनला ठसका लागला. रूफस लाखात एक माणूस, सात फूट उंच, पण चौतिशी उलटलेला. तो जिना चढू लागला की त्याच्या गुडघ्यांची कुरकुर त्याच्या आधी वरच्या मजल्यावर पोचायची! आणि लीगने प्रत्येक संघाच्या पगारांना मर्यादा घातलेली. त्यातला एवढा घास दोन गुडघ्यांनीच गिळला, तर तरुण खेळाडूंना द्यायचं काय?

"डॅडी, आकडा जरा मोठा नाही वाटत?"

"माणूसच केवढा मोठा आहे!"

तो इतका खुशीत होता, की त्याला अडवणं म्हणजे उंच गेलेला पतंग काटण्यासारखं झालं असतं. डोरीन नेहमीसारखी गप्प बसली.

संध्याकाळी पत्रकारांसमोर रूफस सही करायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. कंबर धरली! दोघांनी मिळून त्याला सरळ केला.

"आदराने वाकलाय!" लेनने जाहीर केलं. हशा पिकला. डोरीनसुद्धा हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेन बूट घालायला बसला, तो उठलाच नाही.

तीन आठवड्यांनी संघाच्या मालकीणबाईंनी डोरीनला त्याच्या खुर्चीवर बसवलं. "महिन्याभरात तो करार माझ्या गळ्यातून काढ. जमलं तर खुर्ची तुझी. नाही जमलं तर मी दुसरं कुणी बघते."

डोरीनने पदरचं सगळं धैर्य गोळा केलं आणि लीगमधल्या एकूण एक संघाला फोन लावला.

"रूफस? फार गुणी माणूस. नको."

"फुकट देताय? मग तर नकोच!"

"डाव्या गुडघ्याचा विचार करू. उजवा तुम्हीच ठेवा!"

एकच मॅनेजर बधला. "तुमचा लंगडा द्या, आमचा आळशी घ्या. आमच्याची मात्र पाच वर्षं उरलीत."

डोरीनने फोन ठेवला. प्रत्येक घरात एकेक रूफस होता तर! शिवाय करारात लेनने हौसेने एक कलम घातलेलं: रूफसच्या होकाराशिवाय त्याला कुठेही पाठवायचं नाही. आता उपाय एकच. रूफसला तोंडावर सांगायचं, बाबा रे, करार सोड.

रविवारी ती त्याच्या घरी गेली. वाटेत गाडीत वाक्य अकरा वेळा घोकलं होतं. रूफसने दार उघडलं.

"अगं, काय ही तुझी दशा! जेवलीस का?"

चीज घातलेल्या मॅकरोनीचं भलंमोठं ताट समोर आलं. रूफस लेनच्या आठवणी सांगत राहिला. करार चुकला म्हणायचं, म्हणजे डॅडीचं शेवटचं काम चुकलं म्हणायचं. आणि भांडायला तो नव्हता. डोरीन मॅकरोनीचा डबा घेऊन परतली.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच! ऑफिसच्या फ्रिजमध्ये दुधाला जागा उरली नाही. मग पेपरात बातमी झळकली: "नव्या मॅनेजर दर रविवारी टॅलबर्टच्या घरी. करार आणखी वाढणार?"

मालकीणबाईंचा फोन खणखणला. "डोरीन! पाचवं वर्ष देतेयस त्याला?"

"नाही हो! मी फक्त मॅकरोनी आणतेय!"

"उद्या दुपारपर्यंत निकाल लाव!"

दुसऱ्या दिवशी सकाळी डोरीन रूफसच्या घरी गेली, पण आत शिरलीच नाही. दाराची चौकट घट्ट धरून उभी राहिली.

"रूफस, आज मी काही खाणार नाही. तो करार व्हायलाच नको होता. तू सोड."

रूफस भिंतीला टेकला आणि त्याने हुश्श केलं.

"बोललीस एकदाची!"

"म्हणजे?"

"अगं, त्या दिवशी मी बॉसला सांगायला गेलो होतो, की एवढा हंगाम खेळतो आणि थांबतो. तोंड उघडतोय तोच त्याने मिठी मारली. 'चार वर्षं!' म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मी काय बोलणार?"

"म्हणून बारा कोटींवर सही केलीस?"

"भिडेपोटी!"

डोरीनला हसू आवरेना. हसता हसता डोळे भरून आले, तरी ती हसतच होती.

"पहिल्या वर्षाचे तीन कोटी मात्र घेणार हं," रूफस म्हणाला. "गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे."

"एक."

"दोन?"

"नाही!" डोरीन म्हणाली, आणि तो शब्द आपल्याच तोंडून आला हे पाहून दचकली.

"बरं, एक," रूफस म्हणाला. "पण मला एक सांग. मी त्याचा नोकर. तू तर मुलगी. तू का नाही बोललीस?"

डोरीन गाडीत येऊन बसली, काचा वर केल्या, आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळून मोठ्याने म्हणाली, "साफ चुकलास तू, डॅडी! बारा कोटींना चुकलास! आणि उद्या पुन्हा तसाच खुशीत समोर बसलास, तर तुझं तोंड बघून मी परत गप्पच बसेन."