एकोणीस मार्चची नक्षी

त्या मंगळवारी हार्मने चष्मा लावून संडासात जायचं ठरवलं, आणि तिथेच सगळं बिघडलं.

एरवी तो चष्मा बाहेर टेबलावर ठेवून जातो. (तिथे बघण्यासारखं असतं काय?) पण त्या दिवशी गावच्या साप्ताहिकात जुन्या पुलाच्या दुरुस्तीची बातमी होती, आणि हार्मने आमच्या मेपेल गावच्या कालव्यावर एकतीस वर्षं बोटींसाठी पूल वरखाली केलेला. बातमी निवांत वाचावी म्हणून चष्मा नाकावर, पेपर काखेत. बातमी निघाली चार ओळींची. उरलेल्या वेळात करायचं काय? त्याने समोर बघितलं.

समोर दारावर वाढदिवसांचं कॅलेंडर होतं. आमच्याकडे ते घरोघरी तिथेच असतं. बसल्या बसल्या नातेवाईक आठवावेत, एवढीच त्यामागची सोय. त्याला साल नाही, वार नाही. बारा पानं, तारखा, तारखेपुढे नाव. एकदा टांगलं की वीस-वीस वर्षं चालतं. जन्मला तो लिहायचा, गेला तो खोडायचा.

हे खोडणं रूलीला, म्हणजे हार्मच्या बायकोला, अलीकडे टोचायला लागलं होतं. गेल्या हिवाळ्यापासून ती दर गुरुवारी वाचनालयात नक्षी काढायला शिकत होती. टाक, दौत आणि तळहाताएवढे जाड कागदाचे चौकोन. त्यावर रेघा, ठिपके, लाटा, खवले, विटा. हार्मच्या मते फोनवर बोलताना माणूस कागदावर जे काढतो तेच, फक्त फी भरून. चौकोन संपले तशी रूली पाकिटांवर उतरली, मग अंड्यांच्या खोक्यावर, मग विजेच्या बिलाच्या कडांवर. शेवटी तिची नजर कॅलेंडरकडे गेली. आपल्या गेलेल्या माणसांवर पट्टीने रेघ मारलेली बरी दिसते का? वाण्याच्या यादीतली साखर खोडल्यासारखी! तिने एकेका नावावर नक्षी काढली. फ्रेरिक काका जन्मभर गळ टाकून बसले, त्यांच्यावर माशाचे खवले. सासूबाईंवर विणकामाचे टाके. रूलीच्या बहिणीचा, फेन्नाचा, नवरा वाउट घटस्फोट घेऊन गेला, त्याच्यावर काटेरी तार. पुढे पुढे येणारे-जाणारेसुद्धा ओळखायला लागले की या घरात नावावर नक्षी आली म्हणजे तो माणूस संपला. एक तर देवाघरी, नाही तर कोर्टातून घरी.

तर हार्मने समोर बघितलं. मार्चचं पान होतं. अठरा मार्च, फ्रेरिक काका, खवले. ठीक. आणि त्याखाली एकोणीस मार्च: या टोकापासून त्या टोकापर्यंत काळीभोर नक्षी. लाटा, लाटांत विटा, विटांत ठिपके.

एकोणीस मार्च हा हार्मचा वाढदिवस.

त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. नक्षी होती तिथेच होती. नावातलं एक अक्षरसुद्धा डोकं वर काढत नव्हतं. आपण संपलो, एवढं तर कॅलेंडरवर लिहूनच ठेवलंय. प्रश्न इतकाच, की दोन्हीपैकी कुठल्या प्रकारे?

आता कुणीही म्हणेल, सरळ बायकोला विचारावं. पण ड्रेन्थमधला, म्हणजे आमच्या प्रांतातला, पुरुष सरळ विचारत नाही. (आमचे हे तर वाट चुकले तरी गावाची पाटी दिसेपर्यंत गाडी हाकतात.) त्यातून हार्मची सगळी नोकरी संशयावर झालेली. समोरून बोट येते, ती खरोखर पुलाखालून जाईल एवढीच उंच आहे, की नावाडी खोटं बोलतोय? त्याने ठरवलं, हिला आडून आडून विचारायचं.

सकाळच्या कॉफीला रूलीने डबा उघडला, एकेक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला (आमच्याकडे कॉफीबरोबर एकच). हार्म म्हणाला, "रूली, समज, मी नसलो तर..."

"कुठे चाललायस?"

"कुठे नाही. एक आपलं म्हणतो. मी नसलोच, तर तुझं कसं होईल?"

"किती वेळ नसशील?"

"बराच."

"मग जाताना रिकाम्या बाटल्या ने. पिशवी भरलीय."

हार्मने बाटल्या नेल्या. रिकाम्या काचेसाठी गावाने ठेवलेल्या कुंडीत एकेक बाटली फोडताना त्याला मागच्या पंधरवड्यातलं एकेक आठवायला लागलं. आपलं रक्त तपासलं होतं. दवाखान्याचा फोन हिनेच घेतला. "हो, हो, सांगते त्याला," म्हणाली आणि आपल्याला म्हणाली, "सगळं छान आहे." छान? दवाखाना कधी छान म्हणतो का? आणि आपण नवीन कोटाचं काढलं तेव्हा ही काय म्हणाली? "कशाला? हा पुरेल तुला." पुरेल म्हणजे किती दिवस पुरेल?

घरी येऊन तो खुर्चीत पडला आणि डोळे मिटले. झोप कसली येतेय! पाच मिनिटांनी पावलं वाजली. खांद्यावर काहीतरी थंडगार टेकलं. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. मग काखेपासून खाली. हार्मने एक डोळा किंचित उघडला. रूलीच्या हातात शिवणाची टेप होती आणि तोंडात पेन्सिल.

"रुंदीला बावन्न," ती पुटपुटली. "जरा मोठंच घ्यावं. आत घट्ट नको व्हायला."

हार्मची पाचावर धारण बसली. आमच्या गावात शवपेटीचं माप घेणारा माणूस निदान मेल्यावर तरी येतो.

गुरुवारी रूली वर्गाला गेली तशी त्याने दवाखान्यात फोन लावला. (आमच्या दोन घरांमधली भिंत एका विटेची आहे. मी काही मुद्दाम कान लावत नाही. पण हार्मला पुलावरून बोटींना हाका मारायची सवय, आणि फोन तो स्पीकरवरच लावतो.)

"माझ्या रक्ताचं खरं खरं सांगा."

"उत्तम आहे, मिस्टर ओस्टिंग. बायकोने सांगितलं नाही?"

"सांगितलं."

"मग?"

"समजा, उत्तम नसतं. तर तुम्ही मला सांगितलं असतं, की बायकोला?"

"तुम्हालाच."

"मग बायकोला का सांगितलं?"

"उत्तम होतं म्हणून! फोन त्यांनी उचलला म्हणून!" दवाखान्यातल्या बाईचा आवाज चढला. "मिस्टर ओस्टिंग, रक्त उत्तम आहे. रक्तदाबाचं काही सांगू शकत नाही, पण माझा वाढलाय."

हार्मने फोन ठेवला. म्हणजे मरण नाही. एक क्षणभर त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने स्वतःच्या हाताने डब्यातून दुसरं बिस्किट काढलं. ते तोंडाशी नेलं आणि हात तिथेच थांबला. मरण नाही, तर मग राहिलं काय? वाउट!

आता त्याने रूलीवर पाळत ठेवायला सुरुवात केली. आणि पाळत ठेवली की दिसतंच, पुलावरसुद्धा तेच. रूली फेन्नाशी फोनवर कुजबुजत होती, हार्म आला की भांड्यांविषयी बोलायला लागायची. एकदा त्याने दाराआडून ऐकलं: "नाही गं, अजून काही कळलं नाहीये त्याला. वाढदिवस होऊ दे. सगळ्यांसमोरच देते एकदा हातात."

हातात! वकिलाचा कागद! तोही वाढदिवसाला जमलेल्यांच्या खुर्च्यांच्या रिंगणात, केकच्या आधी की नंतर एवढंच कळायचं बाकी. पस्तीस वर्षांच्या संसारात आपण काय केलं नाही? हार्म आठवायला बसला आणि यादी लांबायला लागली तशी उठून बागेत गेला. त्या आठवड्यात त्याने दोनदा भांडी घासली, जिना पुसला आणि रूलीच्या एका चौकोनाला "वा!" म्हणाला.

रूलीने टाक खाली ठेवला. "काय लपवतोयस तू माझ्यापासून?"

"मी?"

"पस्तीस वर्षांत तू कशाला वा म्हणाला नाहीस. काय फोडलंस?"

झालं! आता दोघंही एकमेकांवर नजर ठेवून.

एकोणीस मार्च उजाडला. दिवाणखान्यात खुर्च्यांचं रिंगण पडलं. आलेल्या प्रत्येकाने रिंगणभर हात मिळवले. हार्मचं अभिनंदन, हार्म लाभला म्हणून रूलीचं अभिनंदन, हार्म शेजारी लाभला म्हणून माझं. रूली "थँक यू, थँक यू" म्हणत होती आणि हार्म तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. किती सफाईने घेतेय अभिनंदन! कॉफी झाली, केक कापला. आणि कॉफी पोटात गेल्यावर जे व्हायचं ते व्हायला लागलं.

पहिली हिली मावशी उठली, रूलीची मावशी, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी. आत गेली. बाहेर आली ती आपल्या खुर्चीकडे न जाता थेट हार्मपाशी, आणि तिने त्याचे दोन्ही गाल धरले.

"किती सोसतोयस रे बाळा! आणि वर केक वाटतोयस."

"मावशी, काय झालं?"

"काही बोलू नकोस. दम लागेल."

मग पुलावरचा जुना सोबती लाम्मर्त जाऊन आला. तो हार्मच्या शेजारी सरकला आणि चीजचा तुकडा मोहरीत बुडवत ओठ न हलवता म्हणाला, "आमच्या शेडमध्ये खाट आहे. हीटर पण आहे. लाजू नकोस, वाउटपण आधी तिथेच होता."

हार्मच्या हातातला काटा बशीवर पडला. एका बाजूने मरण, दुसऱ्या बाजूने शेड! त्यानंतर जो जाईल तो खाली मान घालून बाहेर यायला लागला. रिंगणातली बडबड आटत गेली. कुणी हार्मच्या पाठीवर हात ठेवी, कुणी रूलीकडे बघून मान हलवी. (मीही जाऊन आले. खोटं कशाला सांगू, मी शेडच्या बाजूची होते.) हिली मावशीने तेवढ्यात शेजारणीला, म्हणजे मलाच, तिच्या मते हळू आवाजात विचारलं, "पुरणार आहेत की जाळणार?"

आणि नेमकी त्याच वेळी रूली टाळ्या वाजवत मधोमध आली. "ऐका सगळे! हार्मला मला एक गोष्ट द्यायचीय."

"नको!" हार्म उभा राहिला. "सगळ्यांसमोर नको. रूली, मी सही करणार नाही!"

"कसली सही?"

"मला बारा दिवसांपासून माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. मला फक्त एवढंच सांग, गेलोय का मी, की घालवतेयस?"

तो तरातरा गेला, दारावरचं कॅलेंडर खिळ्यासकट उपटून आणलं आणि केकशेजारी ठेवलं. सगळं रिंगण पुढे वाकलं. रूलीने एकोणीस मार्चकडे बघितलं आणि कानापर्यंत लाल झाली.

"शाई सांडली," ती म्हणाली.

"काय?"

"अरे, फ्रेरिक काकांचे दोन खवले राहिले होते. टाक जरा जास्त बुडला, एक टपोरा थेंब तुझ्यावर पडला. आमच्या वर्गात पुसायचं नाही, खोडायचं नाही. चूक झाली की तिलाच धरून नक्षी पुढे न्यायची, असं बाई सांगतात. मी न्यायला गेले. ती काही थांबेना."

"माझ्यावर? आणि मला सांगितलं नाहीस?"

"मला काय माहीत तू वाचतोस! पस्तीस वर्षांत एकदा तरी त्याच्याकडे बघितलंस का? तुझ्या आईचा वाढदिवससुद्धा मीच तुला सांगायचे."

आता लाल व्हायची पाळी हार्मची होती. लाम्मर्तने बाजी मारल्यासारखं तोंड केलं (का, ते त्यालाच ठाऊक). रूलीने कोपऱ्यातलं मोठं खोकं आणलं आणि त्याच्या मांडीवर आदळलं. आत निळा लोकरी कोट होता. रुंदीला बावन्नहून जरा मोठाच.

"आतून स्वेटर घालतोस ना," ती म्हणाली, "म्हणून घट्ट नको."

हार्मने कोट घातला, आरशात बघितलं आणि त्या भरल्या रिंगणात बायकोचा हात धरून म्हणाला, "वा!" हे या वेळी मनापासून होतं. पुरुषांनी खाकरून घसे साफ केले, बायकांनी पदर नाहीत म्हणून रुमाल काढले, आणि हिली मावशीने कुणी मरत नाही हे कळल्यावर केकचा दुसरा तुकडा मागितला.

पुढच्या आठवड्यात रूलीने नवीन कॅलेंडर आणलं. जुन्यात आता जिवंत माणसांपेक्षा नक्षीच जास्त झाली होती, असं तिचं म्हणणं. दोन संध्याकाळी बसून तिने सगळी नावं नव्याने लिहून काढली, अक्षरं अशी वळणदार की नातेवाईकांनासुद्धा आपण इतके चांगले आहोत का असं वाटावं. खिळा पुन्हा ठोकला. हार्म तडक आत गेला आणि मार्चचं पान उलगडलं. एकोणीस, हार्म. नाव होतं! त्याने प्रेमाने नावावर अंगठा फिरवला.

नाव फिस्कटलं.

त्याने पुढची-मागची सगळी पानं उलटली आणि कॅलेंडर हातात घेऊनच बाहेर आला. "रूली! बाकी सगळे शाईत आणि मी एकटा पेन्सिलीत? ती हिली मावशी अठ्ठ्याऐंशी वर्षांची, तीसुद्धा शाईत!"

रूली नव्या चौकोनात खवले भरत होती. तिने मान वर केली नाही.

"मावशी पक्की आहे रे," ती म्हणाली. "तुझं काही सांगता येत नाही."