नापास झाल्याबद्दल सप्रेम भेट

“अप्पा स्वतः मॅट्रिकला तीन वेळा नापास झाले होते, म्हणूनच नापासांचे दुःख त्यांना कळले.”

गेल्या महिन्यात मन्मथअप्पा लिंगैक्य झाले. त्यांच्या शोकसभेत एका शिकवणी वर्गाच्या संचालकांनी हे वाक्य उच्चारले, सभेने माना डोलावल्या, दोघा-चौघांनी डोळे पुसले. आता आमच्या भागातील व्यापारी मंडळींनी तेच वाक्य संगमरवरावर कोरून अप्पांच्या दुकानासमोरच्या चौकात बसवण्याचे ठरवले आहे. दगड आला आहे. कोरणारा ठरला आहे. वाक्य मात्र खोटे आहे, आणि ते दगडावर चढण्यापूर्वी खोडून काढण्यासाठी मी लेखणी उचलली आहे.

मी निवृत्त मुख्याध्यापक. अप्पांचा लातुरातला शेजारी, आणि त्याआधी निलंग्याच्या शाळेतला त्यांचा वर्गबंधू. शोकसभेत बोलणाऱ्यांपैकी एकानेही अप्पांना अर्ध्या चड्डीत पाहिलेले नव्हते. मी पाहिले होते. एवढा अधिकार पुरेसा आहे.

ज्यांनी अप्पांना पाहिले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. त्यांचे भांड्यांचे दुकान होते. आहेराच्या भांड्यावर नाव घालून देण्याची आपल्याकडची रीत सर्वांना ठाऊक आहे. अप्पांच्या दुकानातही नाव घालायची मशीन होती. ती टिर्र टिर्र करीत चालू लागली की समोरचा वाणी वजन करताना चुकत असे. त्या मशीनवर अप्पांनी लग्ने, बारशी, वास्तुशांती असे सर्व काही घातले. परंतु एक ओळ अशी घातली, जी महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कोणत्याही भांड्यावर सापडणार नाही, असे मी पैजेवर सांगतो.

दहावी-बारावीचा निकाल लागला की सारे लातूर पेढे घेऊन पास झालेल्यांकडे धावते. अप्पा डबे घेऊन नापास झालेल्यांकडे जात. तीन खणांचा स्टीलचा जेवणाचा डबा, झाकणावर मुलाचे नाव आणि खाली सुबक अक्षरांत, ‘नापास झाल्याबद्दल सप्रेम भेट.’

मी विचारले होते, “मन्मथ, डबाच का? पेन दे, पुस्तक दे.”

“पेनानंच तर घात केला ना त्याचा,” ते म्हणाले. “डबा हातात असला म्हंजी माणूस कुठंतरी निघालाय. मोकळ्या हातानं घरात बसलेल्याला आत्या, मावशी, समदे इचारतेत, ‘आता काय करून राहिला रे?’ डबा घेऊन निघालेल्याला कोणी आडवत न्हाई.”

डब्यासोबत एकच अट असे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो भरून घराबाहेर पडायचे. आयटीआयचा अर्ज आणायला जा, पुरवणी परीक्षेच्या अभ्यासाला वाचनालयात जा, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायचे असेल तर शाळेत जा, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात नुसता बघत उभा राहा. “कुठं जायचं ते रस्त्यात ठरव,” अप्पा सांगत, “पर भूक लागायच्या आत ठरव.”

सर्वांनीच हा आहेर आनंदाने घेतला असे नाही. एका बापाने, स्वतःच्या इज्जतीचा पंचनामा झाल्यासारखा, डबा रस्त्यावर भिरकावला. अप्पांनी तो शांतपणे उचलला, ठोकून सरळ केला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नेऊन दिला. खाली एक शब्द वाढवला होता, ‘दुसऱ्यांदा’. बाप हसला. हसला म्हणजे हरला. तो मुलगा आज नायगावला वेल्डिंग करतो आणि बापाला आपल्या दुकानाच्या गल्ल्यावर बसवतो.

कोण नापास झाले, हे अप्पांना कळत कसे असे? पूर्वी निकाल शाळेत लागत, तेव्हा ते फाटकाशी उभे राहत. “पास झालेलं पोरगं पळत सुटतंय,” ते म्हणत. “नापास झालेलं चप्पल लई सावकाश घालतंय.” पुढे निकाल मोबाइलवर आले, तेव्हा ते भर उन्हात गल्लीबोळ हिंडून बंद दारे पाहू लागले. या पद्धतीत एक दोष होता: मे महिन्यात लातुरात दुपारी सर्वच दारे बंद असतात. परिणामी एकदा ते थेट ब्याण्णव टक्के मिळालेल्या मुलाच्या घरात शिरले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “होत असतंय बेटा.” तो मुलगा खरोखरच रडत होता. त्याला पंच्याण्णव हवे होते. त्याच्या आईने हे समजावून सांगितले.

“मंग बराबरच घरात आलो मी,” ते म्हणाले, आणि डबा ठेवून निघाले.

शिकवणी वर्गवाले चौकाचौकांत गुणवंतांचे फ्लेक्स लावतात. एका वर्षी अप्पांनीही लावला. वर मोठ्या अक्षरांत ‘आमचे यशस्वी नापास’, खाली रांगेने छायाचित्रे आणि प्रत्येकाखाली मजकूर: वायरमन; हदगावच्या जिनिंगमध्ये फिटर; पुरवणीत पास, आता डी.एड.; शिवणकाम, स्वतःचे दुकान. शोकसभेत भाषण ठोकणारे हेच संचालक तेव्हा तणतणत दुकानात आले होते.

“अप्पा, तुमच्या फ्लेक्सवर माझ्याच क्लासची तीन पोरं हायेत!”

“हाव की,” अप्पा म्हणाले. “तुमच्या फ्लेक्सवर त्यांना जागा मिळंना, म्हून माझ्याकडं आली.”

अप्पांविषयी आणखी दोन प्रवाद आहेत, तेही निकालात काढतो. पहिला असा, की ते दुकानातला न खपलेला माल या निमित्ताने खपवीत. साफ खोटे. न खपलेले डबे आजही त्यांच्या माळ्यावर आहेत. कोणीही जाऊन पाहावेत. नापासांचे डबे ते नवे मागवीत आणि प्रत्येकाची कडी स्वतः तपासत. डब्यात पाणी भरून, कडी लावून, तो आपल्याच मांडीवर उपडा धरीत. निकालाच्या आठवड्यात अप्पांचे धोतर सदैव ओले असे आणि त्यावरून जे विनोद झाले, ते येथे देण्याजोगे नाहीत. दुसरा प्रवाद असा, की ते पोरांना शिक्षणातून फोडत. हेही खोटे. पुरवणीची तारीख चुकवणाऱ्या मुलाला त्यांनी भर बाजारात डब्याचा हिशेब मागितलेला मी पाहिला आहे. “भाकरी खाऊन राहिला, अन् फॉर्म कामून भरला न्हाई?” शिक्षणाशी त्यांचे वैर नव्हते. त्यांचे वैर बंद दाराशी होते.

आता मूळ वाक्याकडे येतो. ते जन्मले कसे, हे मला ठाऊक आहे. कारण त्या जन्माला मी हजर होतो.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या बब्रुवान कंडक्टरची मुलगी शिवकन्या बारावीला नापास झाली. ती डॉक्टर होणार, ही बातमी बब्रुवानने एसटीतल्या प्रत्येक ओळखीच्या प्रवाशाला तिकिटाबरोबर दिलेली होती. निकाल पाहून मुलगी आतल्या खोलीत गेली आणि तिने कडी लावली. तिची आई दार वाजवत होती. मग तिने वाजवणे थांबवले, कारण आतून आवाज येत नव्हता आणि तो न येणे तिला ऐकवत नव्हते. बब्रुवान भिंतीला धरून उभा होता. लातुरात अशा दाराचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

शेजारी म्हणून मी गेलो होतो. मी धीराचे चार शब्द दाराला उद्देशून बोललो. ते उत्तम मराठीत होते आणि त्यांचा काहीही उपयोग झाला नाही.

तेवढ्यात अप्पा आले. एका हातात डबा, दुसऱ्या हातात मशीन. बंद दारासमोर फरशीवर त्यांनी बैठक मारली.

“शिवे, नाव कसं घालू गं? नुसतं शिवकन्या, का बापाचं बी घालू?”

अप्पांनी मशीनची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसली आणि ती चालू केली. टिर्रर्र. त्या बंद घरात तो आवाज असह्य होता.

“बंद करा की ते, अप्पा!” आतून ओरड आली.

अप्पांनी मशीन थांबवली. तिच्या आईकडे पाहून ते अगदी हळू म्हणाले, “बोलली.” मग पुन्हा दाराकडे वळले. “उघड माय.”

“जावा तुम्ही. नापास होणं म्हंजे काय, तुम्हाला काय कळतंय?”

“मला न्हाई कळायचं तर कुणाला? मॅट्रिकला तीनदा बसलो मी. तीनदा पडलो.”

“खोटं बोलून राहिलात.”

“इचार मास्तरला. इथंच हाय. एका वर्गात होतो आम्ही.”

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. साऱ्या नोकरीत मी कोणाला अर्धा गुण फुकट वाढवून दिलेला नाही; मोठमोठ्यांचे निरोप आले, तरी दिलेला नाही. त्या माणसाने, त्या दारासमोर, घसा साफ केला.

“होय,” मी म्हणालो. “नापास झाला होता. इंग्रजीत.”

कडी हलली नाही. मला वाटले, साक्ष अपुरी पडली.

“आणि गणितात तर फारच,” मी जोडले. हे दुसरे वाक्य कोणी मागितले नव्हते. ते उच्चारताना मला किंचित बरे वाटले, हेही नमूद करतो.

“गणितात किती पडले होते?” आतून प्रश्न आला.

“आठ,” अप्पा म्हणाले.

“शंभरात?”

“हाव. त्यातले दोन गुरुजींनी दया म्हून दिले.”

आतून एक आवाज आला. तो हुंदका होता की हसू, हे तिचे तिलाही सांगता आले नसते. “मला फिजिक्सला अकरा हायेत.”

“मंग? माझ्या म्होरं हायस की तू! उघड आता. बसून बसून पाय वळले माझे.”

कडी निघाली.

बाहेर गल्लीत आल्यावर मी अप्पांवर तुटून पडलो. “मन्मथ, या वयात मला खोटी साक्ष द्यायला लावलीस? आणि हे तू किती जणांना सांगत आला आहेस?”

“समद्यांना,” ते म्हणाले. “पयल्या डब्यापासून.”

“पण का?”

“पास झालेल्या माणसाच्या हातचा डबा घेतला असता का तिनं? खरं सांग, मास्तर.”

“नाही,” मी कबूल केले. हा प्रसंग माझ्या आयुष्यात विरळा.

“मंग झालं तर,” ते म्हणाले. “चल, च्या पिऊ.”

शिवकन्या आज आयटीआयला विजेचे काम शिकते आणि राहिलेल्या विषयांचीही तयारी करते. सकाळी तिच्या सायकलला तो डबा अडकवलेला दिसतो.

व्यापारी मंडळींना मी हे सर्व सांगितले, तेव्हा काय झाले ते ऐका. “मास्तर, बब्रुवानच्या घरी तुम्हीच तर साक्ष दिली होती!” माझेच असत्य माझ्या अंगावर सोडण्यात आले. संचालक तर समजुतीच्या सुरात म्हणाले, “जाऊ द्या ना सर. नापास म्हटलं की लोकांच्या काळजाला भिडतं. पास होते म्हटलं की मजा जाते.”

मजा! नापास माणूस नापासांच्या शेजारी बसला, तर त्यात नवल ते काय? त्याची जागाच ती. परंतु ज्याला ती जागा कोणी दिलेली नव्हती, त्याने ती जन्मभर मागून घेतली, आणि त्यासाठी स्वतःच्या नावावर जे काही होते ते पुसू दिले. त्यांची पत्नीदेखील आपला नवरा मॅट्रिक नापास आहे, हेच मानून गेली. मी शेजारी राहायला आलो, त्या दिवशी अप्पांनी माझा हात बराच वेळ सोडला नव्हता. मला आता वाटते, खरे ठाऊक असलेला एक तरी माणूस भिंतीपलीकडे आला, याचा तो आनंद होता. नापास मुलांनो, तुम्हालाही हेच सांगायचे आहे. तुमच्या दाराबाहेर फरशीवर बसलेला तो माणूस तुमच्यातला नव्हता. तो तुमच्यात येऊन बसला होता. ज्याला यात कमीपणा वाटेल त्याने डबा परत करावा. मी तो आनंदाने वापरीन.

मंडळी पुरावा मागतात. शाळेची ती इमारत उरली नाही, ते गुरुजी उरले नाहीत, त्या वर्गातला आज मी एकटा जिवंत आहे. तेव्हा जे मी स्वतःच्या मुलांनाही कधी सांगितले नाही, ते येथे छापून देतो आणि वाद मिटवतो. त्या वर्षी मॅट्रिकला आमच्या शाळेतून पहिला मन्मथ आला. दुसरा मी होतो.