झऱ्याकाठची व्यायामशाळा

बसा मुलांनो. मोबाइल पालथे ठेवा. आज आपण अशा एका जंगलात जाणार आहोत, जिथं झाडून सगळ्या प्राण्यांचा आरोग्य विमा उतरवलेला होता.

विमा कंपनीचं नाव 'रानकवच'. मालक बिबट्या. आपले सभासद धडधाकट राहावेत, अंगानं चांगले भरावेत, अशी त्याची अगदी आतून इच्छा असे. का, ते तुम्हाला मोठेपणी कळेल. प्राणी दर पौर्णिमेला आपापल्या ऐपतीप्रमाणं बोरं, मोहाची फुलं, मध असा हप्ता भरत, आणि आजारी पडले की अस्वलवैद्याकडून फुकट चूर्ण नेत.

या जंगलाच्या एका टोकाला टेकडी होती. टेकडीवर तानू नावाची भेकरीण राहायची. भेकर म्हणजे लहानखुरं हरीण. घाबरलं की ते कुत्र्यासारखं भुंकतं. तानूचा नवरा पल्याडच्या टेकडीवर राखणीला होता, तो पावसाळ्यापुरता घरी यायचा. एरवी घरात ती आणि तिचे म्हातारे सासरे, येसबा.

येसबांचं पोट कायम बिघडलेलं असायचं. त्यांचं एकट्याचं नव्हे, टेकडीवरच्या बहुतेकांचं. कारण टेकडीवर प्यायला एकच डबकं होतं आणि त्यात रानडुकरं लोळायची. खाली दरीत झरा होता, स्वच्छ आणि बारमाही. पण झऱ्याकडं उतरणारी वाट घाणेरीच्या झुडपांनी गिळून टाकली होती. घाणेरीची फुलं दिसायला गोजिरवाणी असतात, काटे मात्र अंग सोलून काढतात. तरणेताठे कधीमधी खाली उतरत. म्हातारे, लंगडे, लेकुरवाळ्या डबक्याचं पाणी पीत आणि चूर्ण खात.

तानू मात्र रोज उतरायची. वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा गळ्यात अडकवून ती घाणेरीत घुसायची आणि मामंजींसाठी पाणी आणायची. निम्मं वाटेत सांडायचं. उरलेलं येसबा घोटाघोटानं पीत आणि सुनेच्या अंगावरचे ओरखडे दिसले की तोंड फिरवत. एकदा त्यांनी तिला बजावलं, की उद्यापासून मी डबक्याचंच पिणार, तू उतरायचं नाहीस. तानूनं ऐकलं नाही. मग म्हाताऱ्यानं पाणी पिणंच कमी केलं. हळूहळू त्यांचे डोळे खोल गेले. उभं राहताना त्यांना झाडाला टेकावं लागू लागलं.

इकडं बिबट्याही अस्वस्थ होता. चूर्णाचा खप फार वाढला होता आणि सभासद फार वाळले होते. त्यानं 'समाजहित अनुदान' जाहीर केलं आणि टेकडीवर आपला अधिकारी धाडला. हे नकुलराव मुंगूस. चपळ, नीटनेटके, बोलायला गोड. मनानंही वाईट नव्हते.

मोहाच्या झाडाखाली सभा भरली. नकुलरावांनी विचारलं, की तुमचं आरोग्य सुधारावं म्हणून कंपनीनं काय करावं? रानडुकरांनी आणखी एक डबकं मागितलं. मोरानं नाचायला ओटा मागितला. मग तानू उठली. एवढ्या घोळक्यापुढं ती कधी बोलली नव्हती. तोंड उघडलं तर आधी भुंकणंच बाहेर आलं, आणि सगळे हसले. ती तशीच उभी राहिली. हसणं थांबल्यावर तिनं डबक्याचं सांगितलं, मामंजींचं सांगितलं, आणि म्हणाली, की झऱ्याची वाट तेवढी मोकळी करून द्या, दुसरं काही नको.

नकुलरावांनी मन लावून ऐकलं. मग ते अवघडून म्हणाले, "तानूबाई, तुमचं मला पटतं. पण झुडपं काढल्यावर तिथं उरणार काय?"

"वाट."

"म्हणजे काहीच नाही. त्या काहीच-नाहीचा फोटो मी साहेबांना कसा दाखवू? कंपनीचा बोर्ड कशावर लावू?"

तानू खाली बसली. याचं उत्तर तुम्हालाही सुचणार नाही. मोठमोठ्यांना सुचलेलं नाही.

नकुलराव दोन दिवस टेकडीभर हिंडले. अंगानं बारीक, त्यामुळं घाणेरीच्या बुडातून सरपटत ते थेट झऱ्यापर्यंत गेले. झरा पाहून हरखले. परत येऊन त्यांनी जाहीर केलं, की कंपनी टेकडीवाल्यांना उघडी व्यायामशाळा बांधून देणार. तोल सांभाळायचा ओंडका, लोंबकळायच्या वेली, पायानं फिरवायचं चाक. जागा झऱ्याकाठची, कारण फोटोत मागं पाणी फार सुरेख दिसेल.

तानू घरी आली आणि पडून राहिली. येसबांनी खोदून विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं. म्हातारा बऱ्याच दिवसांनी हसला.

"जिथं पाणी प्यायला जाता येत नाही," ते म्हणाले, "तिथं आता जोर काढायला जायचं."

माकडांनी फांद्यांवरून सामान नेलं आणि व्यायामशाळा उभी केली. मग उद्घाटनाचा दिवस आला. प्रमुख पाहुणे म्हणून शेजारच्या रानातले गजराज यायचे होते. आता मुलांनो, हत्ती घाणेरीच्या बुडातून सरपटत जात नाही. शिवाय हत्ती एकटा येत नाही. गजराजांबरोबर त्यांच्या आत्या आल्या, मावश्या आल्या, मावशीच्या सुना आल्या, त्यांच्या मागून पिल्लं आली. टेकडीच्या माथ्यावर सगळे क्षणभर थांबले आणि ओळीनं खाली उतरले. जाताना त्यांनी घाणेरी तुडवली, उपटली, आणि जी अंगाला टोचत होती ती सोंडेनं भिरकावून दिली.

गजराजांनी वेलीची फीत कापली. निरोगी शरीराचं महत्त्व सांगितलं. त्यांनी ओंडक्यावर बसून पाहिलं, तो मोडला. फोटो झाले, बोर्ड लागला, केळी वाटली गेली, आणि सगळे आल्या वाटेनं परत गेले.

आल्या वाटेनं. तानू ती वाट बघत उभी राहिली. मघाशी तिथं काटेच काटे होते. आता टेकडीच्या माथ्यापासून झऱ्यापर्यंत लालसर मातीचा रुंद पट्टा पडला होता. ती एकदा उतरली, परत चढली. अंगावर एक ओरखडा उठला नाही. मग ती धावत घरी गेली आणि मामंजींना म्हणाली, "उठा. पाणी प्यायला चला."

येसबांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. पण ते उठले. तिच्या खांद्याला टेकत, थांबत, धापा टाकत उतरले. झऱ्याशी पोचल्यावर त्यांनी गुडघे टेकले आणि पाण्यात तोंड घातलं. बराच वेळ ते वर काढलंच नाही. अखेर त्यांनी मान वर केली. हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं.

"तुंब्यातल्या पाण्याला तुंब्याची चव यायची," ते म्हणाले. "तुला कधी बोललो नाही."

पुढं काय झालं असेल ते तुम्ही ओळखलं असेल. टेकडीवरची पोटं बरी झाली. लेकुरवाळ्या लेकरांना घेऊन उतरू लागल्या. डबकं रानडुकरांना एकट्यांना मिळालं, त्यामुळं तीही खूश. व्यायामशाळेचं म्हणाल, तर एका सांबराची शिंगं वेलीत अडकली, तेव्हापासून तिकडं कुणी फिरकलं नाही. मोडक्या ओंडक्यावर म्हातारी मंडळी पाणी पिऊन झाल्यावर टेकत.

थंडी पडली तेव्हा नकुलराव पाहणीला आले. चूर्णाचा खप पार उतरला होता आणि साहेब बेहद्द खूश होते. व्यायामानं बरा झालेला एखादा म्हातारा त्यांना हवा होता. येसबा समोरच होते, चांगले गुटगुटीत झालेले.

येसबा म्हणाले, "वाट झाली. पाणी मिळालं. पोट बरं झालं. व्यायामाचं मला काही ठाऊक नाही."

नकुलरावांचा चेहरा पडला. ते झऱ्यावर गेले, थोडं पाणी प्यायले, आणि त्या रुंद वाटेकडं बघत राहिले. परत आले ते हळू आवाजात बोलू लागले. आपल्याला सगळं कळतं, असं त्यांनी सांगितलं. पण साहेबांना हे असंच कळवलं, तर ते म्हणतील, की वाटेसाठी आपण काही दिलंच नव्हतं, आणि दिलं त्याचा उपयोग झाला नाही. मग अनुदान बंद.

तानू ऐकत होती. तिच्या डोळ्यांपुढं पल्याडची टेकडी आली. तिचा नवरा राहायचा ती. तिथंही नदीकडं जाणारी वाट घाणेरीनं बुजली होती, आणि गेल्या पावसाळ्यात तो घरी आला तो पोट धरूनच.

"मामंजी विसरतात," ती म्हणाली. "ते व्यायाम करतात. रोज. चढउतार."

येसबांनी सुनेकडं पाहिलं. मग जमिनीकडं पाहिलं. मग सावकाश मान डोलावली.

"पण साहेब," तानू पुढं म्हणाली, "पल्याडच्या टेकडीवर फार आळस माजलाय. तिथंही व्यायामशाळा हवी. नदीच्या अगदी काठाला बांधा, फोटो छान येईल. आणि उद्घाटनाला गजराजच बोलवा."

मुंगूस तिच्याकडं टक लावून बघत राहिला.

"सहकुटुंब?" त्यानं विचारलं.

"सहकुटुंब."

पल्याडच्या टेकडीवर व्यायामशाळा झाली. तिथून बातमी पुढच्या टेकडीवर गेली, आणि मग प्रत्येक टेकडीवाले नकुलरावांना गाठून आपल्याकडं किती आळस आहे ते पटवू लागले. आज त्या जंगलात पाणवठा तिथं व्यायामशाळा आहे. प्राणी ठणठणीत आहेत. व्यायामाचा प्रसार केल्याबद्दल बिबट्याचा जाहीर सत्कार झाला. अस्वलवैद्याला काम उरलं नाही, तो दिवसभर मध खातो. तानूचा नवरा यंदा अंग भरून घरी आला.

आणि खरा व्यायाम झाला तो एकट्या गजराजांना. ते बिचारे निम्मे झालेत.

तात्पर्य : मुलांनो, शहाण्यानं कधी पाणी मागू नये. उद्घाटन मागावं. मांडव कुठं घालायचा तेवढं आपण सांगावं, आणि पाहुणा बोलवताना त्याचे विचार बघू नयेत, वजन बघावं.