दिदिए शेडगे, पूर्वाश्रमीचे दगडू

शेडगे कुटुंबात जन्मलेल्या कन्येचं नाव ठेवणं हा विषय आत्याच्या अखत्यारीत येतो, याबद्दल सुरुवातीला कोणाचंही दुमत नव्हतं. आत्या म्हणजे नंदिनी, राहणार जुईनगर. धाकट्या भावाला, निखिलला, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली. आपल्याला भाचीचं नाव ठेवायला मिळणार म्हणून नंदिनीने कधीपासून एक नाव मनात जपून ठेवलं होतं. ते घेऊन ती करंजाड्याला गेली. नाव होतं अबोली.

"छान आहे, ताई," भावजय ईश्वरी म्हणाली. "पण अबोली म्हणजे न बोलणारी ना? नर्सरीच्या इंटरव्ह्यूला काय करायचं?"

नंदिनी म्हणाली, अगं, फूल असतं ते. पण फुलांना नर्सरीत प्रवेश घ्यायचा नसतो, हे तिच्याही लक्षात आलं.

मग निखिलने तिला वस्तुस्थिती समजावून सांगितली. सोसायटीचं नाव शांझेलिझे हाइट्स. पाणी टँकरचं, पण नाव पॅरिसचं. खाली बागेत कोणी 'मायरा' अशी हाक मारली की सहा मुली वळून बघतात, आणि जिला हाक मारलेली असते ती घसरगुंडीवरून हलत नाही. कियारांचीही तीच गत. संस्कृत नावं आधीच्या पिढ्यांनी वापरून झिजवली, इंग्रजी ए विंगने संपवली, स्पॅनिश बी विंगने. उरली फ्रेंच.

"पण आपल्यात फ्रेंच येतं कुणाला?"

"कुणालाच नाही, ताई. म्हणून तर युनिक."

या कामासाठी वाशीत 'नामगौरव कन्सल्टन्सी' होती. तिचे चालक प्रीतम सर पूर्वी मॉड्युलर किचन करून देत. ओटा असो की नाव, गिऱ्हाइकाला शेजाऱ्यांपेक्षा वेगळं हवं असतं, हे सूत्र त्यांना तिथेच सापडलं होतं. त्यांनी राशी विचारली, आडनाव विचारलं, विंग विचारली आणि खेदाने मान हलवली.

"जरा उशीर केलात. चांगल्या अर्थाची नावं संपत आली आहेत. 'एमे', म्हणजे लाडकी, ती तुमच्याच सी विंगला गेली. मुलगा असता तर 'नेव्हिल' दिलं असतं. अर्थ नवं नगर. नवी मुंबईत तुफान चालतंय."

"'आमेली'?" ईश्वरीने विचारलं.

"कष्टाळू."

"नको. कष्ट करायला आम्ही आहोत की."

"'जिझेल' बघा. ऐकायला गोड. अर्थ आहे तारण. म्हणजे गहाण."

निखिल म्हणाला, फ्लॅट आहे तेवढा बास. मग सरांनी दुर्मीळ विभाग उघडला. 'सेसील' म्हणजे आंधळी, 'क्लोदेत' म्हणजे लंगडी, आणि 'मॅलरी' म्हणजे दुर्दैवी. शेवटचं अख्ख्या रायगड जिल्ह्यात कोणी घेतलेलं नाही, याची त्यांनी लेखी हमी द्यायची तयारी दाखवली. ईश्वरी क्षणभर विचारात पडलेली पाहून नंदिनीने घाईघाईने कॅटलॉगचं पान उलटलं.

"एक आहे माझ्याकडे," सर आवाज खाली आणून म्हणाले. "'पिएरेत'. अर्थ अढळ. चिरंतन. जिच्या आधारावर सगळं उभं राहतं अशी."

ईश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. निखिलने तिचा हात धरला.

"सर, हे झालं कौतुक," नंदिनी म्हणाली. "शब्दाचा अर्थ काय?"

सरांनी कॅटलॉग मिटला. "दगड."

निखिलने ईश्वरीचा हात सोडला.

"पण फ्रेंच दगड, मॅडम," सर म्हणाले, आणि ईश्वरीने सुटकेचा श्वास सोडला.

नंदिनीला मात्र हसावं की रडावं तेच कळेना. कारण निखिलच्या घरी आतल्या खोलीत तिचे वडील बसले होते आणि त्यांचं नाव दगडू होतं. दगडूच्या आईची आधीची मुलं पाळण्यातच गेली. हा झाला तेव्हा तिने त्याचं नाव दगडू ठेवलं. दगड कोण उचलून नेतंय? दगडू वाचला, साताऱ्याकडून तुर्भ्याच्या कारखान्यात आला, कोपरखैरण्यात घर केलं, दोन पोरं शिकवली. पुढे करंजाड्याच्या फ्लॅटवर पाटी लागली ती 'डी. बी. शेडगे'. डी म्हणजे दगडू आणि बी म्हणजे त्याचा बाप भिकू. निखिलने दोघांनाही एकेका अक्षरात बसवलं होतं. फ्लॅटमध्ये जागा कमीच असते.

इथवर सगळं ठीक होतं. अडचण आली ती नामगौरवच्या अनन्यता प्रमाणपत्राच्या वेळी. या प्रमाणपत्राशिवाय नाव युनिक आहे हे लोकांना कळणार कसं? त्यासाठी कुटुंबातल्या हयात व्यक्तींची नावं अर्थासह द्यायची होती आणि आद्याक्षरं चालत नव्हती. नंदिनीने खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला.

"अर्थाची पुनरुक्ती होतेय. एका घरात दोन दगड. असं सर्टिफिकेट देता येत नाही. दोघांपैकी एकाचं नाव बदलावं लागेल."

निखिलने शांत डोक्याने विचार केला. पिएरेतची कार्डं छापून झाली होती. केकवर ते नाव पडायचं होतं. गेटच्या ॲपमध्ये ती रहिवासी म्हणून मंजूर झाली होती. याउलट बाबांचं नाव होतं कशावर?

"तसंही ते कोणी वापरत नाही, ताई," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात जराही दुष्टपणा नव्हता. "आपण बाबा म्हणतो. वॉचमन डी. बी. अंकल म्हणतो."

"निख्या, अरे बाप आहे तो!"

"म्हणून तर त्यांच्यासाठीही चांगलंच नाव काढलंय."

प्रीतम सरांनी पाटी बदलावी लागू नये म्हणून मुद्दाम डी-वरून शोधून दिलं होतं. दिदिए. अर्थ, हवाहवासा.

नंदिनी तरातरा आतल्या खोलीत गेली. "बाबा, तुम्ही नाही म्हणून सांगा. तुमच्या आईने ठेवलेलं नाव आहे."

म्हातारा नातीचे लंगोट घडी करत बसला होता. "नंदे, ही पोरगीबी दगडूच झाली की. आईनं माझं नाव ठिवलं ते मी जगावं म्हनून. माझं जगून झालं. आता तिला घिऊ दे."

नंदिनीला रडू आलं आणि संतापही आला, आणि नेमका कोणाचा संताप आला हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

प्रतिज्ञापत्र झालं. 'मी, दगडू भिकू शेडगे, जाहीर करतो की यापुढे मी दगडू नाही.' खाली सही हवी होती. बाबांना सही एकच येत होती. वकील म्हणाले, जुन्या नावाची करा, हरकत नाही, ही शेवटचीच. बाबांनी सावकाश, एकेक अक्षर जुळवत 'दगडू' लिहिलं आणि कागद बराच वेळ पुढे सरकवला नाही.

बारसं थाटात झालं. नंदिनीने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं. नाव काय सांगितलं ते पाठीवरच्या धपाट्यांच्या गोंधळात कोणालाच ऐकू गेलं नाही. नोंद पिएरेत अशीच झाली. पाहुण्यांनी अर्थ विचारला, ईश्वरीने अढळ असा सांगितला, आणि प्रीतम सरांना त्याच संध्याकाळी तीन नवी गिऱ्हाइकं मिळाली. घरात मात्र सगळे तिला पिऊ म्हणतात.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला नंदिनी बाबांना घेऊन बँकेत गेली. समोरच्या अधिकाऱ्यांनी नव्या नावाचं आधार कार्ड पाहिलं, सोबतचं प्रतिज्ञापत्र पाहिलं, खातं पाहिलं, बाबांकडे पाहिलं.

"खातं दगडू शेडगे यांचं आहे. त्यांना आणा."

"साहेब, हेच ते."

"हे दिदिए. दगडू हयात आहेत असा दाखला दिदिए यांना देता येत नाही."

"मग दगडू गेले असं तरी म्हणा."

"तसं कसं म्हणणार? मृत्यूचा दाखला आणलाय का?"

"मी दगडूच हाय वो," बाबा म्हणाले.

"तसं तुम्ही स्वतःच नाही म्हणून लिहून दिलंय, आजोबा. सही आहे तुमची."

नंदिनीची नजर टेबलावरच्या पाटीवर गेली. 'पी. आर. घोरपडे, उपव्यवस्थापक'.

"साहेब, हा पी म्हणजे?"

साहेबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग पुढे वाकून, पाळण्यातल्या बाळाच्या कानात सांगावं इतक्या हळू आवाजात म्हणाले, "पोपट." आणि लगेच सावरून बसले. "कुणाला सांगू नका. मिसेसनासुद्धा आवडत नाही. दाखल्याचं मात्र नियमात बसत नाही."

दोघं करंजाड्याला परतली. दारासमोर बाबा थांबले आणि पाटीवरच्या पहिल्या अक्षरावरून त्यांनी बोट फिरवलं.

"ही बरी हाय," ते म्हणाले. "हिला कोनीबी चालतंय."

आतून निखिल पिऊला खेळवत असल्याचा आवाज येत होता. पिऊ मोठी होईल, तिची स्वतःची पाटी होईल, आणि तिच्यावर 'शेडगे'च्या आधी एक सुटसुटीत 'पी' असेल.

वाचकहो, हसून झालं असेल तर एक काम करा. आपल्या दाराबाहेर जाऊन उभे राहा आणि पाटी वाचा. आडनावाच्या आधी ती जी एक-दोन अक्षरं टिंब देऊन उभी केली आहेत, ती कोणाची, ते मोठ्याने म्हणा. आधी जिन्यात कोणी नाही ना, एवढं बघून घ्या. तुम्ही बघणारच.