आधी रिकामं, मग साफ

झुरळं काढण्यात काय एवढं अवघड आहे, असं कुलूपराव म्हणाले तेव्हा ते खुर्चीत बसलेले होते. बसल्या जागी कुठलंच काम अवघड नसतं.

कुलूपराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका कारखान्याचं गोदाम त्यांनी उभा जन्म सांभाळलं. त्यांच्या सहीशिवाय तिथून एक वायसर हलत नसे, म्हणून कामगारांनी हे नाव ठेवलं. पुढे ते निवृत्त झाले, नाव काही निवृत्त झालं नाही. गोदामाचा त्यांचा नियम एकच होता: आधी रिकामं, मग साफ, मग भरा. मांडणी साफ करायची तर तिच्यावरचा शेवटचा खिळासुद्धा खाली आला पाहिजे. अर्धवट काम करणाऱ्या माणसाकडे ते अशा नजरेने बघत की तो बिचारा घरी जाऊन स्वतःचं कपाट आवरत असे.

निवृत्तीनंतर लोक बाग करतात, नातवंडं खेळवतात, नाहीतर बायकोच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. कुलूपरावांनी एक जुनं मोटारहोम घेतलं. मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर: पुढे स्टिअरिंग, मागे बिछाना, मध्ये ओटा आणि एक न्हाणी. न्हाणीत माणूस शिरला की साबणाला बाहेर थांबावं लागे.

त्यालाही कारण होतं. लग्न झालं तेव्हा त्यांनी बायकोला शब्द दिला होता, तुला समुद्रावर नेईन. पण सुट्टीचे दिवस आले की कारखान्यात मालाची मोजदाद निघे आणि समुद्र पुढच्या वर्षावर जाई. बायकोने कधी तक्रार केली नाही. एकदाच म्हणाली होती, "मला पाण्यात जायचं नाही हो. नुसतं पडल्या पडल्या पाणी दिसलं पाहिजे." हे वाक्य कुलूपरावांच्या मनात घर करून बसलं होतं. आता दोघांचेही गुडघे कुरकुरायला लागले होते. आता नाही तर कधीच नाही.

गाडी दारात आली. बायको आत चढली, ओट्याखालचं कपाट उघडलं आणि तसंच लावून घेतलं.

"आत झुरळं आहेत."

"असेल एखादं."

"एखादं वर बसलंय. ते अध्यक्ष असणार. बाकीची सभा खाली आहे."

"अगं, काढतो ना मी. दोन दिवसांचं काम."

"काढा. पण मला आत एक जरी दिसलं ना, तर तुम्ही एकटे जा समुद्रावर. मी माझी घरी बरी."

ती धमक्या देणाऱ्यांतली नव्हती. बोलली की करणारी होती. तिच्या घरात लग्नापासून झुरळ म्हणून आलेलं नव्हतं. आलंच असेल तर दारात पाय पुसून, आत कुणी नाही असं समजून आल्या पावली परत गेलं असेल.

त्याच आठवड्यात तिच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बायको बॅग भरून त्यांच्याकडे राहायला गेली आणि कुलूपरावांना रान मोकळं मिळालं.

पहिल्यांदा ते कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे गेले. त्याने एक पावडर दिली आणि म्हणाला, "साखरेत कालवून ठेवा. खातात आणि मरतात." झुरळांनी पावडर तेवढी बाजूला काढून साखर खाल्ली. उरलेल्या साखरेची बातमी मुंग्यांना कुणी दिली कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगपासून बिछान्यापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. दुकानदाराने मुंग्यांसाठी खडू दिला. कुलूपरावांनी ओणवं होऊन गाडीभर रेघा मारल्या. मुंग्या रेघेच्या कडेकडेने आणखी शिस्तीत चालू लागल्या. कुलूपरावांना मात्र सरळ उभं राहता येईना.

"मग आता धुराचा डबा," दुकानदार म्हणाला. "गाडी बंद करायची, डबा फोडायचा आणि लांब पळायचं."

"सामान काढायचं ना आधी?"

"खायचं-प्यायचं काढा. बाकीचं राहू द्या."

बाकीचं राहू द्या! अर्धी मांडणी भरलेली ठेवून साफसफाई करणारी माणसं कुलूपरावांनी पुष्कळ पाहिली होती आणि त्यांना वठणीवर आणलं होतं. ते घरी आले, बाह्या सरसावल्या आणि गाडी रिकामी करायला घेतली. गाद्या काढल्या. उशा, पडदे, खण, फळ्या, कपाटांची दारं काढली. पाना आणून ड्रायव्हरची सीटसुद्धा सोडवली. सगळं पाठीवर वाहून घरातल्या मागच्या खोलीत नेऊन रचलं. संध्याकाळी पाठीचा पार खुळखुळा झाला होता, पण गाडी आतून धुतलेल्या डब्यासारखी लख्ख रिकामी दिसत होती. आता यात एक गोष्ट राहिली. गोदामात त्यांनी सांभाळला तो माल लोखंडी होता. नट-बोल्टांत झुरळं राहत नाहीत. गाद्यांत राहतात.

त्यांनी डबा फोडला. रिकाम्या गाडीत भरपूर धूर झाला. दुसऱ्या दिवशी दार उघडून पाहिलं तर आत काही मुंग्या आणि चुकून आलेला एक पतंग मरून पडला होता. गाडीत शोधूनही जीव सापडेना. सापडणार कुठून? सगळी सभा अध्यक्षांसकट मागच्या खोलीत मुक्कामाला गेली होती.

बायको परत आली. कुलूपरावांनी तिला गाडी दाखवली. तिने वाकून प्रत्येक कोपरा पाहिला आणि म्हणाली, "खरंच हो. एकही नाही." इतकं कौतुक त्यांच्या वाट्याला बऱ्याच वर्षांत आलं नव्हतं. त्यांना पाठ दुखायची थांबल्यासारखी वाटली.

"आणि त्या गाद्या?"

"वारा लागू दे चार दिवस. मग भरतो."

तिने गाद्या एकावर एक रचल्या, वर स्वच्छ चादर घातली आणि मागच्या खोलीत छान बैठक तयार केली. पसारा तिला बघवत नसे.

दुसऱ्या दिवशी कुलूपराव न्हाणीघरात गेले. आरशावर एक झुरळ बसलं होतं. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही ओळख दाखवली नाही. कुलूपरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि त्या प्रकाशात त्यांना मागची खोली दिसली. आपल्याच हाताने, आपल्याच पाठीवर, बायकोच्या घरात आपण हे वाहून आणलं! सांगावं तर कुठल्या तोंडाने?

इतक्यात स्वयंपाकघरातून फटकन आवाज आला.

"काय झालं गं?"

"काही नाही. उलथनं पडलं."

उलथनं असं चपलेसारखं वाजत नाही. पण चोराच्या मनात चांदणं. कुलूपरावांनी पुढे विचारलं नाही. नंतर दोन दिवस असेच गेले. ते फटका मारीत आणि खोकल्यासारखं करीत. ती फटका मारी आणि गाणं म्हणे. घरात इतकी गाणी कधी झाली नव्हती.

तिसऱ्या दिवशी बायको अंगणात बसून आपली बॅग उलटी करून उन्हात झटकत होती. डोळे लाल झाले होते.

"एक सांगू? रागावू नका. घरात झुरळं झालीत."

"अरे बापरे," कुलूपराव म्हणाले. हे त्यांना बरं जमलं.

"माझ्यामुळे झालीत. ताईकडून बॅगेतून आली. दुसरं कुठून येणार? तुम्ही तर गाडी इतकी स्वच्छ केलीत."

सुंठीवाचून खोकला गेला, असं कुलूपरावांना क्षणभर वाटलं. तो क्षण त्यांना पुढे फार महाग पडला. कारण बायकोने त्याच दुपारी ताईंना फोन केला. फार जपून बोलली, "ताई, तुझ्या ओट्याखाली एकदा बघशील का?" एवढंच. पलीकडून काय आलं ते कुलूपरावांना दारापाशी ऐकू आलं. माझ्या घरात? झुरळं? मी गुडघा कापून पडले आणि तू माझे ओटे तपासत होतीस? फोन बंद झाला तो बंदच राहिला.

त्या बहिणी रोज बोलायच्या. काय बोलायच्या ते कुलूपरावांना कधी कळलं नव्हतं, पण सकाळी दूध तापवताना सुरू होणारं ते बोलणं त्यांना घड्याळासारखं सवयीचं होतं. आता दूध मुकाट्याने तापू लागलं. बायको फोन समोर ठेवून बसे. तिला घास जाईना.

"ताईशिवाय मी बोलायचं कुणाशी हो?" ती एकदा म्हणाली. "तुम्ही आयुष्यभर कारखान्यात. घरी मी आणि तो फोन."

कुलूपरावांच्या काळजाला ते लागलं. आत्ता सांगायचं, असं ठरवून ते उठले, तिच्यासमोर उभे राहिले, तोंड उघडलं आणि म्हणाले, "चहा टाकतेस?" सांगितलं तर समुद्र गेला. नाही सांगितलं तर बहीण गेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ते चहा प्यायले, त्यांना कमालीचा थकवा आला, आणि ते जाऊन त्या बैठकीवर आडवे झाले. लगेच उठले.

शेवटी ताईच आल्या. रिक्षातून, काठी टेकत, हातात स्वतःची बॅग घेऊन.

"ही घे, तपास," त्या बहिणीला म्हणाल्या. "माझी बॅग तपास, माझे कपडे तपास, पाहिजे तर हा नवा गुडघा उघडून बघ."

"ताई, बस तरी आधी."

"बसते. पण झुरळ दाखवल्याशिवाय उठणार नाही."

आणि त्या मागच्या खोलीत जाऊन थेट बैठकीवर बसल्या. कुलूपराव "तिथे नको" म्हणाले, पण ते मनात. ताई ऑपरेशननंतर चांगल्याच भरल्या होत्या. सगळा भार एकदम गाद्यांवर आला आणि खालून, बाजूने, चादरीच्या चारी कडांनी सभा बरखास्त झाली.

ताईंनी काठीने चादर वर उचलली. खाली तपकिरी रेघांची गादी होती. घरातल्या दुसऱ्या कुठल्याच गादीला तसलं कापड नव्हतं.

"ही गादी कुठली?" ताईंनी विचारलं.

"गाडीतली," कुलूपराव म्हणाले. "मीच आणली. सगळी मीच आणली. बॅगेतून काही आलं नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

एवढं बोलून त्यांना हलकं वाटलं. फार वेळ वाटलं नाही. बायको त्यांच्याकडे बघत होती, आणि ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं ते बघणं होतं.

"चार दिवस मी ताईशी बोलले नाही," ती म्हणाली. "आणि तुम्ही चहा मागत होतात."

ताईंनी उठून बहिणीचा हात धरला आणि दोघी जवळजवळ बसल्या, अर्थात खुर्च्यांवर. "माणूस गोदामात ठेवायच्या लायकीचा आहे गं तुझा," त्या म्हणाल्या. "तुला मी लग्नातच सांगितलं होतं." मग दोघी हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या. चार दिवसांचं तुंबलेलं बोलणं होतं. कुलूपराव दारात उभे होते. आपला उद्धार इतका मन लावून चाललेला पाहून त्यांना बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी फवारणीवाला आला. त्याने घर पाहिलं, मान हलवली आणि सांगितलं की सगळ्या घराला औषध मारावं लागेल. दारं-खिडक्या पट्ट्या लावून बंद. तीन दिवस आत पाऊल टाकायचं नाही आणि आतली एक वस्तू बाहेर काढायची नाही.

"तू माझ्याकडे चल," ताई बहिणीला म्हणाल्या. "हे राहतील कुठेतरी."

"नको गं. अंगाखांद्यावरून आणखी तुझ्याकडे यायची ती. हे लचांड आता कुणाच्या घरी न्यायचं नाही."

कुलूपरावांना एकाएकी हुरूप आला. "मग गाडी आहे की! ती तर साफ आहे. तीन दिवस आहेतच. समुद्रावरच जाऊ."

बायकोने नाही म्हटलं नाही. घराला आतून औषध बसलं, दारांवर पट्ट्या चिकटल्या, फवारणीवाला गेला, ताईंची रिक्षा गेली. कुलूपराव किल्ली घेऊन रुबाबात गाडीत चढले आणि बसायला गेले ते थेट खाली पत्र्यावर बसले.

ड्रायव्हरची सीट मागच्या खोलीत होती. आधी रिकामं, मग साफ. भरायचं राहून गेलं होतं.

संध्याकाळी दोघं अंगणातल्याच गाडीत उघड्या फळकुटावर चादर घालून आडवी झाली. तेवढी एक चादर आधी दोरीवरून काढून घेतली होती. गादी नाही, उशी नाही, खिडकीला पडदा नाही. कुलूपरावांचं अंग अंग ठणकत होतं. आपण माणूस म्हणून संपलो, असं त्यांना वाटत होतं. आणि तेवढ्यात वरून पाणी कोसळू लागलं.

गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. पंप सुरू राहिला होता. पंपाचं बटण स्वयंपाकघरात, स्वयंपाकघर पट्ट्यांच्या आत. पाणी खिडकीसमोरच्या भिंतीवरून लाटांनी खाली येत होतं आणि मावळतीचं ऊन त्यावर चकाकत होतं.

"बाहेरचा मेन स्विच बंद करतो," म्हणत कुलूपराव कण्हत उठू लागले.

"थांबा जरा," बायको म्हणाली. ती हाताची उशी करून खिडकीकडे बघत होती. "पडल्या पडल्या दिसतंय."

कुलूपराव परत आडवे झाले. तेवढ्यात चादरीच्या घडीतून काहीतरी निघालं, खिडकीच्या काचेवर चढलं आणि त्या वाहत्या पाण्यावरून या टोकाकडून त्या टोकाकडे सावकाश निघालं. कुलूपरावांनी हळूच चप्पल उचलली. तिनेही ते पाहिलं होतं. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"जहाज असेल," ती म्हणाली आणि कूस वळवली.

कुलूपरावांनी हातातली चप्पल खाली ठेवली आणि जहाजाला जाऊ दिलं.